नेटवर्कमधली साधनं एजंटांकडून वाटून घेणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एजंट म्हणजे नक्की काय? साधा प्रोग्रामच ना?

प्रोग्रामच, त्यात जादू काही नाही. फरक एवढाच की तो कोणाच्या तरी वतीने काम करतो, त्याच्याकडे फक्त स्वतःपुरती माहिती असते, आणि दर वेळी वरून हुकूम येईल म्हणून तो थांबत नाही, स्वतः ठरवून मोकळा होतो. मशीनवर बसलेला एजंट बघतो की माझ्याकडे आत्ता ४ कोर मोकळे आहेत, हे काम घ्यावं का नको. जॉबच्या, म्हणजे मशीनवर चालवायच्या कामाच्या, वतीने फिरणारा एजंट बघतो की माझं काम कुठे लवकर उरकेल. या दोघांचं हित एकच असेल असं अजिबात नाही, आणि पुढची निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते. उरलेली निम्मी शिळ्या माहितीमुळे, ते खाली येईलच.

आजकालचे ते चॅट करणारे एआय एजंट, तेच का हे?

नाही. इथले एजंट बहुतेक वेळा काहीशे ओळींचे असतात, आत साधं गणित आणि चार नियम. निर्णय मिलिसेकंदात लागतो आणि सेकंदाला हजारो निर्णय घ्यायचे असतात, तिथे प्रत्येक वेळी मोठ्या भाषा-मॉडेलला विचारत बसणं परवडत नाही. हा विषय त्यांच्या कितीतरी आधीचा आहे.

रिसोर्स (साधनं) म्हणजे काय काय धरायचं?

सीपीयू, मेमरी, डिस्क, बँडविड्थ, जीपीयू, कधी कधी सॉफ्टवेअरचं लायसन्ससुद्धा. पण हे सगळे एकाच जातीचे नाहीत आणि सुरुवातीला लोक इथेच गडबडतात. सीपीयू कमी पडला तर काम हळू होतं, बस. मेमरी कमी पडली तर काम हळू होत नाही, सरळ मरतं. कुबरनेटीसमध्ये (अनेक मशीन्सवर कंटेनर, म्हणजे वेगळे बंदिस्त ठेवलेले प्रोग्राम, चालवणारी सिस्टीम) हे रोज दिसतं, सीपीयूची लिमिट ओलांडली की कंटेनर नुसता दाबला जातो आणि मेमरीची ओलांडली की त्याला मारून टाकतात. म्हणून एजंटने सीपीयू थोडा जास्तीचा वाटला तर एकवेळ चालतं, मेमरीच्या बाबतीत तीच उदारता महागात पडते. आणि बँडविड्थ ही एका मशीनची नसतेच, ती पूर्ण वाटेची असते, त्यामुळे दोन टोकांचे एजंट "आमच्याकडे जागा आहे" म्हणाले तरी मधली लिंक भरलेली असू शकते आणि तिच्या वतीने बोलायला कोणी नसतं.

एकच मोठा शेड्युलर (कोणतं काम कुठे चालवायचं ते ठरवणारा प्रोग्राम) ठेवला तर काय बिघडतं?

बऱ्याचदा काहीच बिघडत नाही, आणि एजंटवाले हे सहसा आपणहून सांगत नाहीत. सगळी मशीन्स एकाच मालकाची, जवळजवळ, नेटवर्क धड, अशा वेळी सगळी माहिती एका जागी आणून तिथेच ठरवणं सोपं पडतं आणि वाटपही जास्त चांगलं होतं. गूगलने २०१५ मध्ये बोर्गवर (मशीन्सवर कामं वाटणारी त्यांची आतली सिस्टीम) पेपर छापला त्यात एका सेलमध्ये, म्हणजे मशीन्सच्या एका गटात, साधारण १०,००० मशीन्स आणि त्यांच्यावर एकच मुख्य यंत्रणा, तीही नीट चाललेली. कुबरनेटीसचा डिफॉल्ट शेड्युलरपण एकटाच असतो, जे नोड (म्हणजे मशीन्स) चालणारच नाहीत ते आधी गाळतो, उरलेल्यांना मार्क देतो आणि सगळ्यात जास्त मार्क असलेल्यावर पॉड (एकत्र चालवायचे कंटेनर) टाकतो.

एजंट लागतात ते मशीन्स वेगवेगळ्या मालकांच्या असतात आणि कोणीच आपली सगळी माहिती दुसऱ्याला द्यायला तयार नसतो तेव्हा, किंवा मशीन्स इतक्या लांब असतात की मध्यवर्ती ठिकाणी माहिती पोचेपर्यंत ती जुनी झालेली असते तेव्हा, किंवा कामं इतकी बारीक आणि इतकी भरमसाट असतात की एकाच दारातून सगळी आत घ्यायची म्हटलं तर दारातच गर्दी होते.

मधले रस्तेही आहेत. बर्कली विद्यापीठाच्या मेसॉसने (२०११) असं केलं की मुख्य यंत्रणा फक्त "एवढी जागा आहे, घेता का" म्हणून ऑफर देणार आणि घ्यायचं की नाही ते प्रत्येक फ्रेमवर्क (वर चालणारी, आपापली कामं सांभाळणारी सिस्टीम) स्वतः ठरवणार. गूगलच्या ओमेगाने (२०१३) वेगळंच केलं, अनेक शेड्युलर, प्रत्येकाला पूर्ण क्लस्टरचं (एकत्र चालणाऱ्या मशीन्सच्या गटाचं) चित्र दिसतं, प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवतो आणि लिहायला जातो, दोघांनी एकच जागा धरली असेल तर ज्याचं आधी लिहिलं गेलं त्याचं खरं, दुसऱ्याने परत सुरुवातीपासून. माझ्या मते नवीन सिस्टीम बांधणाऱ्याने पूर्ण एजंटांच्या बाजाराकडे जायच्या आधी हे दोन रस्ते बघावेत, बहुतेकांचं काम तिथेच भागतं.

कॉन्ट्रॅक्ट नेट कसं चालतं?

रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेली पद्धत आहे आणि अजूनही एजंट म्हटलं की पहिली हीच शिकवतात. ज्याच्याकडे काम आहे तो जाहीर करतो की असं असं काम आहे, अमुक वेळेपर्यंत बोली पाठवा. ज्यांना जमण्यासारखं आहे ते बोली पाठवतात, बाकीचे गप्प बसतात. जाहीर करणारा त्यातली एक निवडतो आणि काम देतो. ज्याने काम घेतलं तो तेच काम तोडून पुढे दुसऱ्यांना देऊ शकतो, म्हणजे आत्ता जो घेणारा होता तोच पुढच्या क्षणी देणारा होतो. एजंटांसाठी मानकं बनवायला १९९६ मध्ये फिपा नावाची संस्था निघाली, तिनेही ही पद्धत आपल्या मानकांत घेतली.

कागदावर एकदम छान. मेसेज मात्र खूप होतात, १००० नोडना जाहिरात गेली आणि ६०० जणांनी बोली पाठवली तर एका कामासाठी १६०० मेसेज, आणि काम जर ५० मिलिसेकंदाचं असेल तर वाटाघाटीलाच कामापेक्षा जास्त खर्च. म्हणून जाहिरात सगळ्यांना कधीच पाठवू नका, यादृच्छिक पाच-दहा जणांना पाठवा, निकालात फारसा फरक पडत नाही.

बोली पाठवली म्हणजे जागा राखून ठेवायची का?

हा प्रश्न फार कमी जण वेळेवर विचारतात. नोडवर ८ जीबी मोकळी आहे, त्याने तीन वेगवेगळ्या कामांना प्रत्येकी ८ जीबीची बोली पाठवली, आणि तिन्ही कामं त्यालाच मिळाली. आता? प्रत्येक बोलीसाठी जागा राखून ठेवली तर मशीन बोलीच्या निकालाची वाट बघत रिकामं बसतं, आणि राखली नाही तर दिलेला शब्द मोडावा लागतो.

मी तरी असं करा म्हणेन की बोलीला मुदत लावायची, समजा २०० मिलिसेकंद, तेवढा वेळच ती खरी, आणि काम मिळाल्यावरसुद्धा नोडला "आता जमत नाही" म्हणायचा हक्क ठेवायचा. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा काँडॉर (१९८८ पासून चालू आहे, आता नाव एचटीकाँडॉर) नेमकं हेच करतो. त्यात मशीनची आणि जॉबची, दोघांची जाहिरात असते, मध्यस्थ त्यांची जोडी जुळवतो, पण जोडी जुळली म्हणजे काम पक्कं झालं असं नाही, त्यानंतर दोघं थेट एकमेकांशी बोलतात आणि परिस्थिती बदललेली असेल तर मशीन नाही म्हणू शकतं. मध्यस्थाची माहिती जुनी असणारच हे धरूनच ती सिस्टीम बांधलेली आहे, म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली.

लिलाव कशाला? आणि एजंट खोटी बोली लावणार नाही कशावरून?

लिलावाची कल्पना खूप जुनी. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्येच लिहिलं होतं की हार्वर्डमध्ये पीडीपी-१ कॉम्प्युटरचा वेळ कसा लिलावाने वाटला जायचा, प्रत्येकाला त्याच्या कामाच्या महत्त्वाप्रमाणे नकली चलन, त्याचं नाव येन, आणि ज्याची बोली मोठी त्याला वेळ. नंतर झेरॉक्स पार्कच्या लोकांनी १९९२ मध्ये स्पॉन नावाची सिस्टीम मांडली, रिकाम्या वर्कस्टेशनचा वेळ प्रोग्राम आपसात बोली लावून विकत घ्यायचे.

स्पॉनमध्ये लिलाव बंद बोलीचा आणि दुसऱ्या किमतीचा होता. म्हणजे असं की तीन एजंटांनी ५०, ४० आणि ३० क्रेडिट लावले, जिंकला ५० वाला, पण द्यायचे ४०. विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये दाखवलं की अशा लिलावात खोटं बोलून फायदा होत नाही. तुमची बोली फक्त जिंकणं-हरणं ठरवते, किंमत दुसऱ्याच्या बोलीवरून ठरते. मनातल्या किमतीपेक्षा कमी लावली तर परवडणारा सौदा हातचा जाईल, जास्त लावली तर न परवडणारा गळ्यात पडेल. त्यामुळे खरी किंमत लिहून मोकळं व्हावं. एजंट लिहिणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे, कारण दुसरे काय लावतील याचा अंदाज बांधणारा कोड लिहावाच लागत नाही.

पण हे एका वस्तूपुरतं. मला सीपीयूपण हवा, मेमरीपण हवी आणि दोन्ही एकाच मशीनवर हवेत, नाहीतर काहीच नको, अशा जोडबोल्या आल्या की कोणाला काय द्यायचं हे ठरवणं एनपी-हार्ड होतं (बोल्या वाढल्या की अचूक उत्तर काढायचा वेळ आवाक्याबाहेर जातो), आणि अंदाजपंचे उत्तर काढलं तर मग खरं बोलण्याची ती हमीही राहत नाही. शिवाय चार एजंट एकाच मालकाचे असतील आणि ठरवून बोली लावत असतील तर विकरीचाही इलाज चालत नाही.

क्रेडिट कुठून आणायचे? नकली पैसे चालतात का?

चालतात, पण त्यांची व्यवस्था लागते, आणि ती शेड्युलर लिहिण्यापेक्षा किचकट निघते. सगळ्यांना दर तासाला १०० क्रेडिट दिले आणि न वापरलेले साठू दिले तर कोणीतरी महिनाभर साठवून एक दिवस पूर्ण क्लस्टर विकत घेतं. साठू दिले नाहीत तर तास संपताना सगळे उगाच खर्च करतात. साठलेल्यावर हळूहळू घट लावायची हा बरा मध्यममार्ग.

आणि माणसं फट शोधतातच. २००५ च्या सुमारास मिराज नावाच्या सेन्सर नेटवर्कच्या टेस्टबेडवर (प्रयोगांसाठीच्या सामायिक यंत्रणेवर) खऱ्या संशोधकांना क्रेडिट देऊन लिलाव चालवला होता, तिथे लोकांनी थोड्याच काळात ओळखलं की मागणी कमी असेल तेव्हा कमीच बोली लावायची आणि गरज पडली तर मग वाढवायची. संशोधकच ते, करणारच. त्याच वर्षी काही जणांनी पेपरच लिहिला की बाजाराची पद्धत रिसोर्स वाटपाचा प्रश्न सोडवू शकेल पण सध्या सोडवत नाहीये, आणि तो सूर मला अजूनही पटतो.

खऱ्या पैशाने कोणी चालवलंय का?

ॲमेझॉनने डिसेंबर २००९ मध्ये ईसीटूचे (त्यांची भाड्याने मिळणारी क्लाउड मशीन्स) स्पॉट इन्स्टन्स काढले, उरलेली क्षमता बोलीवर, बाजारभाव तुमच्या बोलीच्या वर गेला की मशीन काढून घेणार. २०१७ च्या शेवटी त्यांनी ती बोलीवर चढउतार होणारी पद्धत बदलली, आता भाव सावकाश, मागणी-पुरवठ्याच्या लांबच्या कलाने हलतो आणि बोली लावायची गरज नाही. मशीन काढून घ्यायच्या आधी दोन मिनिटांची सूचना मिळते. यातून घ्यायचं ते असं की ग्राहकांना लिलावापेक्षा न उडणारा भाव जास्त आवडतो, तुमच्या एजंटांनाही तोच आवडेल कारण त्यांचा कोड सोपा होतो.

सगळे एजंट एकाच मशीनवर का धावतात? लोड या मशीनवरून त्या मशीनवर नुसता झोके घेतोय.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. १०० एजंट आहेत, १० नोड आहेत, दर पाच सेकंदाला लोडची यादी सगळ्यांना मिळते. यादीत ७ नंबरचा नोड रिकामा दिसला. पुढचे पाच सेकंद प्रत्येक एजंटला तो रिकामाच दिसणार, त्यामुळे सगळे तिथेच काम टाकणार. पुढची यादी आली की ७ नंबर बेजार झालेला दिसतो आणि ३ नंबर रिकामा, मग झुंबड ३ नंबरकडे. एजंट मूर्ख नाहीत, उलट प्रत्येक जण त्याच्याकडच्या माहितीप्रमाणे अगदी बरोबर वागतोय, आणि सगळे एकाच वेळी बरोबर वागतायत म्हणूनच हे होतंय.

ह्युबरमन आणि हॉग यांनी १९८८ मध्येच हे गणिताने दाखवलं होतं, माहिती उशिरा पोचत असेल तर असे एजंट स्थिर होत नाहीत, झोके घेतात, आणि उशीर वाढला की वागणं पूर्ण अनियमित होतं. एजंट अजून हुशार केला तर बरं होईल असं लोकांना वाटतं, तो अजून पटकन रिकाम्या नोडकडे धावतो आणि झोका मोठा होतो.

इलाज थोडा विचित्र वाटेल, एजंटला थोडं आंधळं करायचं. सगळ्यात चांगला नोड शोधू नका. यादृच्छिक दोन नोड निवडा, त्या दोघांनाच आत्ताचा लोड विचारा, त्यातल्या कमी लोडवाल्याला काम द्या. झालं. याचं गणित १९९० च्या दशकात पक्कं झालं, n कामं n नोडवर नुसती यादृच्छिक टाकली तर सगळ्यात भरलेल्या नोडवरचा लोड साधारण लॉग n भागिले लॉग लॉग n असा वाढतो, दोनांतून एक निवडला की लॉग लॉग n वर येतो, म्हणजे जवळपास सपाटच. आणि गंमत म्हणजे तीन किंवा चार विचारले तर त्यापुढे फायदा किरकोळच. दोनमध्येच सगळा माल आहे.

बर्कलीचा स्पॅरो शेड्युलर (२०१३) याच्याही पुढे गेला. त्यांनी बघितलं की नोडची रांग किती लांब आहे यावरून वेळेचा अंदाज येत नाही, रांगेत एकच काम असेल पण ते दहा मिनिटांचं असेल. म्हणून काम पाठवायचंच नाही, दोन-चार नोडच्या रांगेत नुसती जागा धरायची, ज्याचा नंबर आधी लागेल तो काम मागून घेईल, बाकीच्यांना नको म्हणून कळवायचं. अंदाज बांधण्याची गरजच काढून टाकली, मला हा विषयातला सगळ्यात सुंदर तोडगा वाटतो.

हे सगळं नको असेल तर निदान एवढं करा, सगळ्यांच्या टायमरमध्ये थोडा यादृच्छिक फरक टाका म्हणजे सगळे एकाच क्षणी जागे होणार नाहीत.

ऑटोस्केलर (लोड बघून प्रोग्रामच्या कॉपी वाढवणारा-कमी करणारा) आणि आमचा एजंट एकमेकांशी भांडतायत, काय करावं?

एका बटणावर दोन हात. एजंट लोड कमी झाला म्हणून कामं एकत्र करतो, ऑटोस्केलरला काही नोड तापलेले दिसतात म्हणून तो कॉपी वाढवतो, वाढवल्यावर एजंटला परत जागा मोकळी दिसते. दोघांपैकी एकाला तरी मुद्दाम सुस्त करावं लागतं. कुबरनेटीसचा ऑटोस्केलर दर १५ सेकंदांनी बघतो पण कॉपी कमी करायच्या आधी डिफॉल्ट ५ मिनिटांचा मागचा इतिहास धरतो, आणि फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर हलतच नाही. तुमच्या एजंटचा वेग यापेक्षा नीट वेगळा ठेवा, एक सेकंदांत चालत असेल तर दुसरा मिनिटांत चालू द्या.

न्याय्य वाटप म्हणजे सगळ्यांना सारखं ना?

रिसोर्स एकच असेल तर हो. दोन झाले की "सारखं" म्हणजे काय तेच कळेनासं होतं. समजा क्लस्टरमध्ये २४ सीपीयू आणि ४८ जीबी मेमरी. अ च्या एका कामाला १ सीपीयू आणि ४ जीबी लागते, ब च्या एका कामाला ४ सीपीयू आणि २ जीबी. सरळ अर्धं अर्धं केलं, म्हणजे दोघांना १२ सीपीयू आणि २४ जीबी, तर अ ची ६ कामं चालतात, ब ची ३. अ चे ६ सीपीयू पडून, ब ची १८ जीबी पडून.

आता असं बघा की प्रत्येकाला ज्या रिसोर्सची सगळ्यात जास्त ओढ आहे त्यातला वाटा सारखा करायचा. अ ची ओढ मेमरीकडे, एका कामाला एकूण मेमरीचा बारावा भाग. ब ची सीपीयूकडे, एका कामाला सहावा भाग. अ ला ८ कामं आणि ब ला ४ कामं दिली तर दोघांचा वाटा दोन-तृतीयांश, सीपीयू पूर्ण २४ वापरले, मेमरी ४० जीबी. दोघांचंही आधीपेक्षा जास्त भागलं. याला डॉमिनंट रिसोर्स फेअरनेस म्हणतात, बर्कलीच्या घोडसी वगैरे मंडळींनी २०११ मध्ये मांडलं, आणि यात गरज फुगवून सांगितली तरी सांगणाऱ्याचा फायदा होत नाही. एजंट वेगवेगळ्या टीमचे असतील तर लिलावाच्या आधी हे करून बघा, क्रेडिटची कटकट नाही.

एजंट मधेच मेला तर त्याने धरलेली जागा?

जागा कधीच कायमची द्यायची नाही, मुदतीने द्यायची. १० सेकंदांसाठी दिली, एजंट जिवंत असेल तर तो मुदत वाढवून घेईल, मेला असेल तर मुदत संपली की जागा आपोआप परत. ग्रे आणि चेरिटन यांनी १९८९ मध्ये लीज या नावाने हे मांडलं आणि तेव्हापासून कोणाला याहून सोपं काही सुचलेलं नाही.

एक खड्डा मात्र आहे. एजंट मेलेला नसतो, नुसता गोठलेला असतो, समजा गार्बेज कलेक्शनमध्ये (न लागणारी मेमरी साफ करण्यात) १५ सेकंद अडकला. मुदत संपली, जागा दुसऱ्याला गेली, आणि हा जागा होऊन आपलीच जागा समजून लिहायला लागला. म्हणून प्रत्येक लीजसोबत वाढत जाणारा नंबर द्यायचा आणि रिसोर्सने जुन्या नंबरवाल्याला दारातूनच परत पाठवायचं. नुसत्या घड्याळावर भिस्त ठेवू नका.

नेटवर्क दोन तुकड्यांत तुटलं तर दोन्हीकडचे एजंट वाटप चालू ठेवतील का?

ठेवायचं की नाही ते तुम्हालाच आधी ठरवावं लागतं. एकच जागा दोघांना दिली गेली तर चालणार नसेल (लायसन्स, डिस्कवर लिहिण्याचा हक्क) तर कमी संख्येच्या तुकड्याने गप्प बसायचं, राफ्ट किंवा पॅक्सोससारखी बहुमताने ठरवणारी पद्धत वापरून. नुसता सीपीयू असेल तर दोघांनी चालू ठेवावं, जास्तीत जास्त काय, थोडी कामं दोनदा होतील.

स्वार्थी एजंटांमुळे एकूण किती नुकसान होतं?

वाटतं तेवढं नाही. रफगार्डन आणि टार्डोश यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं की लिंकवरचा उशीर ट्रॅफिकच्या सरळ प्रमाणात वाढत असेल तर प्रत्येकाने फक्त स्वतःचा रस्ता बघितला तरी एकूण वेळ सर्वोत्तम वाटपाच्या ४/३ पटीच्या वर जात नाही. पण उशीर अचानक उसळणारा असेल, आणि भरत आलेल्या रांगेत तो तसाच असतो, तर ही हमी उरत नाही. ब्रेसचा विरोधाभासही (१९६८) लक्षात असू द्या, नवीन लिंक जोडल्यावर सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो, त्यामुळे क्षमता वाढवल्यावर सिस्टीम हळू झाली तर मॉनिटरिंगला शिव्या घालायच्या आधी हे तपासा.

मुंग्यांसारखे एजंट म्हणतात ते काय?

डी कारो आणि डोरिगो यांचं अँटनेट, १९९८. छोटी पाकिटं नेटवर्कमधून फिरतात, कुठल्या वाटेने किती वेळ लागला ते बघतात आणि परत येताना वाटेतल्या राउटरच्या तक्त्यात चांगल्या वाटेची शक्यता वाढवतात. सिम्युलेशनमध्ये छान चाललं. वाचायला मजेदार, पण उद्या डेटा सेंटरमध्ये लावायला मी कोणाला सांगणार नाही.

टीसीपीसुद्धा (इंटरनेटवर डेटा पोचवायचे नियम) एजंटच म्हणायचा का मग?

म्हणायला हरकत नाही, आणि जगातला सगळ्यात यशस्वी तोच. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब ते बर्कली विद्यापीठ या काहीशे यार्डांच्या अंतरात वेग ३२ केबीपीएसवरून ४० बिट प्रति सेकंदावर आला होता, कारण गर्दी झाली की प्रत्येक मशीन तेच पॅकेट अजून जोरात परत पाठवत होतं. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये तोडगा छापला, पॅकेट हरवलं की वेग एकदम कमी करायचा, सगळं ठीक असेल तर हळूहळू वाढवायचा. कोणी कोणाशी वाटाघाट करत नाही, बोली नाही, मुख्य शेड्युलर नाही, तरी बँडविड्थ वाटली जाते. फ्रँक केली आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की अशा नियमांकडे बाजार म्हणून बघता येतं, गर्दीचा इशारा म्हणजेच त्या लिंकचा भाव. एजंट डिझाइन करताना मी आधी हाच प्रश्न विचारतो की मेसेज न पाठवता, नुसतं अपयशावरून मागे सरकून काम भागेल का. आश्चर्य वाटेल इतक्या वेळा भागतं.

मशीन लर्निंग लावू का?

कामांचा आकार आणि क्रम रोज साधारण सारखा असेल तर लावून बघा. एमआयटीच्या डिसीमाने (२०१९) स्पार्कच्या (मोठ्या डेटावर काम करणारी सिस्टीम) जॉबचं शेड्युलिंग रीइन्फोर्समेंट लर्निंगने, म्हणजे करून बघून निकालावरून, शिकून हाताने लिहिलेल्या नियमांपेक्षा चांगले निकाल काढले होते. पण शिकणारे एजंट अनेक असतील तर प्रत्येकासाठी बाकीचे म्हणजे सतत बदलणारी परिस्थिती, आणि रात्री तीन वाजता याने असं का केलं ते सांगता येत नाही. आधी दोनांतून एक वाला नियम लावा, त्याला हरवता आलं तर पुढचं बोलू.

सुरुवात कुठून करू, आणि टेस्ट कसं करायचं?

शिकायला जेड आहे, टेलिकॉम इटालियाकडून आलेली जावाची फ्रेमवर्क, फिपाची मानकं पाळते, कॉन्ट्रॅक्ट नेट त्यात तयार मिळतं. प्रत्यक्ष कामासाठी बहुतेक जण कुबरनेटीसवर स्वतःचा कंट्रोलर (स्थितीवर नजर ठेवून बदल करणारा प्रोग्राम) लिहितात.

टेस्टसाठी आधी सिम्युलेटर लिहा, आणि त्यात पहिल्या दिवसापासून मेसेजला उशीर, हरवणारे मेसेज आणि मधेच मरणारे एजंट टाका. उशीर शून्य धरून केलेलं सिम्युलेशन फेकून द्यायच्या लायकीचं असतं, त्यात प्रत्येक आयडिया चांगलीच दिसते. कामांची यादी मनाने बनवू नका, खऱ्या यादीत थोडी अजस्र कामं आणि ढीगभर किरकोळ कामं असतात आणि मनाने बनवलेल्यात सगळी मध्यम. गूगलने आपल्या क्लस्टरच्या नोंदी खुल्या केल्या आहेत, २०११ ची नोंद साधारण १२,५०० मशीन्सची आणि २९ दिवसांची आहे, ती चालवून बघा.

चालू झाल्यावर कोणते आकडे बघायचे?

सरासरी वापर सगळेच बघतात, त्यातून फार कळत नाही. निर्णय घेतला त्या क्षणी एजंटकडची लोडची माहिती किती जुनी होती ते प्रत्येक निर्णयाबरोबर लॉग करा, हा आकडा मी एकाही डॅशबोर्डवर आपणहून लावलेला बघितलेला नाही आणि झोक्यांचं कारण नव्वद टक्के वेळा तिथेच सापडतं. काम मिळाल्यावर नाही म्हणणाऱ्या नोडचं प्रमाण बघा, ते शून्य असेल तर नोड फार भित्रेपणाने बोली लावतायत आणि जागा वाया जातेय, आणि दर चार-पाच कामांमागे एक नकार येत असेल तर बोलीची मुदत लांब झालीय. बोलीत सांगितलेल्या वेळेच्या किती पट वेळ खरा लागला ते नोडवार ठेवा, जो नोड कायम कमी सांगतो त्याच्या बोलीला पुढच्या वेळी तेवढ्याने गुणून घ्या. आणि ९९ व्या पर्सेंटाइलचा वाट बघण्याचा वेळ (१०० पैकी ९९ कामांना जास्तीत जास्त तेवढंच थांबावं लागतं तो), टीमवार वेगळा, सगळ्यांचा एकत्र नको, कारण एकत्र आकड्यात उपाशी राहिलेली टीम दिसतच नाही.